बरोबरचं चिन्ह

कौनसच्या वाचनालयात, मंगळवारी साडेपाचला,
निवृत्तांच्या वर्गात मी फळ्यावर लिहिते
क्ष = ५
आणि सांगते, क्ष हा डबा आहे,
आत पाच ठेवले.

"डबा नाही," म्हणतात ब्रोने वाइतकुव्हिएने,
कोट अजून अंगावर, चष्मा कपाळावर.
"डब्यात पाचांवर सहा टाकले तर अकरा होतात.
ही पाटी आहे.
एकोणतीस वर्षं पावाच्या दुकानात भाव लिहिले मी.
मला पाटी कळते."

पुस्तकात याला चल म्हणतात, मी सांगते.
"चल," त्या म्हणतात, "पण कुठे?"

मग मी लिहिते
क्ष = क्ष + १
आणि खिडकीजवळचे ल्युद्विकास उठूनच उभे राहतात.
शाळेत गणित शिकवायचे ते.
"असं लिहिणाऱ्या पोराला मी तासाबाहेर काढायचो!
चिन्ह बरोबरचं,
आणि बरोबर काहीच नाही."

हा तराजू नाही हो.
आधी उजवीकडे बघायचं,
आत्ता जे आहे ते मोजायचं, एक मिळवायचा,
मग डावीकडच्या नावाला ती किंमत द्यायची.

ल्युद्विकास बसतात. पटलेलं नसतं.
ब्रोने मात्र बोटानं टेबलावर काहीतरी पुसत असतात.
"पाव तोच," त्या म्हणतात,
"राईचा, काळा, शहाजिऱ्याच्या वासाचा.
पाटीवर आधी रूबल.
मग ते तलोन, जनावरं छापलेले कागद,
आम्ही हसायचो, ससे मोजतोय म्हणून.
मग लितास.
युरो माझ्यानंतरच्या पोरीनं लिहिला.
दर वेळी ओलं फडकं आधी, खडू नंतर.
आणि कितीही घासलं तरी
चारच्या सुमारास ऊन तिरपं आलं
की कालचा आकडा दिसायचाच खालून.
गिऱ्हाईक तोच वाचायचं.
इथं दिसतो का तो?"

नाही, मी म्हणते.
इथलं फडकं फार स्वच्छ.

हे त्यांना आवडत नाही.

धडा दुसरा: अक्षरांच्या किमती.
मी म्हणते, स्वतःचं नाव घाला.
त्या एका बोटानं टकटकवतात
नाव = "दार्गीते"
आणि त्याच्याखाली
नाव = "वाइतकुव्हिएने"
आणि छाप म्हणतात यंत्राला.
पडद्यावर एकच उमटतं, नवऱ्याकडचं.
(आमच्याकडे आडनावाच्या शेपटावरून कळतं
बाई कुणाची मुलगी, की कुणाची बायको.)

"पहिली कुठे गेली?"
गेली.
"हवी असली तर?"
तर पुसायच्या आधी
दुसऱ्या एका नावात ठेवायची.
फक्त एक जादा ओळ.

"बावीस वर्षांची होते मी," त्या म्हणतात,
"कचेरीत सही केली.
ही जादा ओळ कुणी सांगितली नव्हती."

सातला वर्ग सुटतो.
ल्युद्विकास टोपी विसरतात, परत येतात,
ट्रॉलीबस चुकते त्यांची, त्याबद्दलही मलाच बोलतात.
ब्रोने हलत नाहीत.
नवं पान उघडतात, लिहितात
ब्रोने = ब्रोने + १

पडदा लाल होतो:
हे नाव माहीत नाही.

मी घाईघाईनं समजावू लागते,
की यंत्र उद्धट नाही,
आधी कधीतरी किंमत दिलेली असावी लागते,
नसलेल्यात कुणी काय मिळवणार,
पण त्या हसत सुटलेल्या असतात,
इतक्या की अंबाड्याचा आकडा निसटतो.
"आता कळलं!" एवढंच म्हणतात. काय, ते नाही.

मग वरती एक ओळ घालतात, सावकाश:
ब्रोने = ७१
बोट चालव-कळीवर नेतात.
नेतात, आणि थबकतात,
आणि खालची ओळ खोडायला लागतात, एकेक अक्षर.

काय झालं?

"वाढदिवस गुरुवारी आहे.
आज मंगळवार.
उगाच कशाला."

जाताना फळा त्यांनीच पुसला,
फडकं आधी नळाखाली धरून.
जिन्यातल्या दिव्याच्या तिरप्या उजेडात
पाच अजून दिसत होते.